मागच्या सीटवरून दिसणारा रस्ता

१२ फेब्रुवारीला वहिनींनी सायकल मिस्त्रीकडून घरी आणली. बिल झालं चार हजार दोनशे पंच्याहत्तर रुपये. दोन टायर, दोन्ही साखळ्या, ब्रेकच्या तारा आणि मजुरी. आकडा ऐकून मी म्हणालो, “वहिनी, विकायच्या वस्तूवर एवढा खर्च कुणी करतं का?”

“विकायची असं मी कुठे म्हटलं? ते रविवारी ठरेल,” त्या म्हणाल्या. “आणि रविवारी तुम्ही मोकळे आहात, भाऊजी.”

हे विचारणं नव्हतं, सांगणं होतं.

ही सायकल दोघांची आहे. एकामागे एक दोन सीटा आणि पायडलांच्या दोन जोड्या. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, लग्नानंतर लवकरच ती गाव सोडून जाणाऱ्या एका जोडप्याकडून जुनी विकत घेतली. त्याला रविवारी डोंगरातल्या रस्त्यांवर भटकायचं वेड होतं आणि वहिनींना सायकल अजिबात येत नव्हती. “शिकवण्यापेक्षा मागे बसवणं सोपं पडलं,” असं दादा चारचौघांत सांगायचा. “शिकवायची हिंमत नव्हती, ते सांगा,” असं वहिनी तिथल्या तिथे परत करायच्या.

दादा पाणीपुरवठ्यात होता. आठवडाभर लोकांच्या दारातली मीटरची झाकणं उचलून वाकून आकडे वाचायचा. वहिनी चष्म्याच्या दुकानात. काडी गरम करून कानामागे वाकवायची, नाकावरची गादी बदलायची, मग गिऱ्हाईकाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर उभं राहून चष्मा सरळ बसला का ते बघायचं. म्हणजे आठवडाभर त्याच्यासमोर जमीन आणि त्यांच्यासमोर अनोळखी चेहरे. रविवारी त्याच्यासमोर रस्ता असायचा आणि वहिनींसमोर दादाची पाठ. अशी तीसेक वर्षं गेली.

अशा सायकलवर मागच्याच्या हातात काहीच नसतं. मागचं हँडल वळत नाही, ब्रेक आणि गियर पुढच्याकडे. म्हणून दादाने एक पद्धत घालून दिली होती. तो ओरडायचा, “खड्डा!” किंवा गियरसाठी “बदलतो!” किंवा वळण आलं की “सोड!”, म्हणजे पायडल मारणं थांबव. मागून लगेच “हं” यायला हवं. “हं” आलं नाही तर दादा ब्रेक दाबायचा. मागच्याचं लक्ष नाही म्हणजे धोका, असा त्याचा हिशोब होता. एकदा रागाच्या भरात वहिनींनी “हं” म्हणणं बंद केलं होतं. त्या दिवशी ही दोघं चढावर एवढ्या वेळा थांबली, की बकऱ्या त्यांच्या पुढे गेल्या.

गल्लीत सायकलचं नाव आगगाडी. समोरच्या बाई एकदा म्हणाल्या, “चढावर हे दमतात, तुम्ही मागे नुसत्याच बसता का हो?” वहिनी म्हणाल्या, “आमच्याकडे नुसतं बसलेलं पुढच्याला लगेच कळतं. तुमच्या घरी कळतं का?”

गेल्या वर्षी दादा गेला. आजार लांबला नाही. सायकल जिन्याखाली उभी राहिली आणि तिच्यावर पावसाळी कोट, पिशव्या, शेवटी एक चटई आली. मुलगी लांब सासरी. मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहतो, संध्याकाळी डोकावतो. वहिनी दुकानातून येऊन दिवा लावायच्या आणि त्या एका दिव्यात घर भागवायच्या.

मग मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलचा मालक आला. त्याला सायकल हवी होती, पण चालवायला नाही. नवीन इमारतीत शिरल्याबरोबर दिसेल अशी भिंतीवर टांगायला. किंमत चांगली देत होता. वहिनींनी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली. तो येण्याआधीच महिनाभर पहाटे, जुन्याच टायरांवर, शाळेच्या मैदानावर पुढच्या सीटवर बसून त्या तोल सांभाळायला शिकल्या होत्या, हे मला मिस्त्रीकडून कळलं. “दोनदा पडल्या,” तो म्हणाला. “मला म्हणाल्या, भाऊजींना सांगशील तर बिल देणार नाही.”

त्यांचं म्हणणं साधं होतं. पलीकडच्या घाटात पाण्याची एक तोटी आहे. डोंगरातून आलेला लोखंडी पाइप, खाली दगडी कुंडी. दर फेरीला दोघं तिथे बसून संत्री सोलायची. “मी पुढे बसून तिथवर गेले तर सायकल माझी,” वहिनी म्हणाल्या. “नाही जमलं तर भिंतीची.”

मी नकाशा घेऊन बसलो. “तोटीचं नाव काय?”

“तोटी.”

“रस्ता कोणता?”

“तो यांना माहीत होता.”

रविवारी उजाडताच निघालो. मागे मी. गाव संपेपर्यंत ठीक चाललं. पहिल्याच उतारावर वहिनी ओरडल्या, “सोडा!” आणि लगेच करकचून ब्रेक. माझं नाक त्यांच्या पाठीवर.

“काय झालं?”

“हं म्हणा ना!”

“म्हटलं की.”

“मनात म्हटलंत. मला ऐकू आलं पाहिजे.”

पुढे मी मोठ्याने “हं” म्हणत राहिलो. एक गुराखी थांबून बघत होता. रस्ता शांत होता. क्वचित एखादा दुधाचा टेम्पो. दोन्हीकडे वाळलेलं गवत, मध्येच शेताचे बांध, वर उघडे डोंगर. वहिनी चांगल्या चालवत होत्या, खांदे ताठ, पण चालवत होत्या.

घाटाच्या पायथ्याशी रस्ता फुटला. वहिनी थांबल्या. एक पाय खाली टेकून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

“कुठला?” मी विचारलं.

“थांबा हो.” मग बऱ्याच वेळाने, “उजवा.”

उजवा चुकला. चांगला चढ चढून गेल्यावर रस्ता एका खडीच्या खाणीच्या फाटकाशी संपला. फाटकाला कुलूप. वहिनींनी हेल्मेट काढलं आणि रस्त्याच्या कडेला बसल्या.

“इतक्या वेळा आले,” त्या म्हणाल्या, “आणि हा रस्ता समोरून कसा दिसतो तेच मला माहीत नाही. समोर हे असायचे. मी बाजूचं बघायचे. भिंत, विहीर, कुणाचं अंगण. मला सगळं कडेचं पाठ आहे.”

मी म्हणालो, “मग कडेचंच सांगा. मी पुढे बसतो.”

त्यांना ते पटलं नाही. पुढे बसून जायचं हीच तर पैज होती. पण ऊन वाढत होतं. शेवटी उठल्या आणि मागे जाऊन बसल्या.

पायथ्याशी परत येऊन डावा रस्ता धरला. मी जीव मुठीत धरून हँडल सांभाळत होतो. मागून आवाज यायला लागला. “आता वखार येईल, लाकडाचा वास येईल.” वास आला. “निळं दार. दाराशी कुत्रं.” दार होतं, कुत्रं नव्हतं. “बरोबर आहे, म्हातारंच होतं ते. आता काचा लावलेली भिंत, ती संपली की डावीकडे वळा.” एकही खूण चुकली नाही. आवाज मात्र हळूहळू बारीक होत गेला.

“वहिनी, दमलात का?”

“नाही.” थोडं अंतर गेल्यावर म्हणाल्या, “तुमची पाठ अरुंद आहे, भाऊजी. फार दिसतं.”

तोटी होती तशीच होती. पाणी चालू होतं, कुंडीवर शेवाळ. वहिनींनी पिशवीतून संत्री काढली. एक सोलली, अर्धी बाजूला धरली, मग माझ्याकडे बघून ती मला दिली. समोर दरी होती, खाली रस्त्याची सगळी वळणं उघडी दिसत होती. त्या बराच वेळ ती वळणं बोटाने हवेत गिरवत बसल्या.

उठताना म्हणाल्या, “पैज हरले.”

“तोटी तर तुम्हीच शोधलीत.”

“मागे बसून शोधली.” त्यांनी हेल्मेटचा पट्टा ओढला. “आता पुढे बसून घरी नेते. बघू.”

आणि नेली. घाटाचा पूर्ण उतार. वळणामागून वळण, “सोडा!”, “हं!”, “खड्डा!”, “हं!” काचांच्या भिंतीपाशी बरोबर वळल्या, फाट्यावर क्षणभरही थांबल्या नाहीत. वरून बघून ठेवलेलं त्यांना पुरलं.

सोमवारी हॉटेलवाला आला. त्याला वहिनींनी सांगितलं, “भिंतीवर लावायला माझ्याकडे ह्यांचा फोटो आहे. तेवढं पुरे.”

आता त्या रविवारी एकट्याच जातात. मी दोनदा येतो म्हणालो. “तुमचं हं उशिरा येतं,” एवढंच उत्तर मिळालं.

गेल्या आठवड्यात आम्ही मिस्त्रीकडे उभे होतो. त्यांना हँडलला आरसा हवा होता आणि तोही असा, की त्यात मागची सीट दिसेल. मिस्त्री हसला. “मागे मोकळंच आहे, वहिनी. काय बघणार?”

“तेच बघायचंय,” वहिनी म्हणाल्या. “वळणावर अजून तोंडातून ‘सोड’ निघतं. मागून हं येत नाही, की माझा हात ब्रेकवर जातो. परवा मागून दुधाचा टेम्पो होता, थोडक्यात वाचले. सीट रिकामी दिसली म्हणजे कळेल, थांबायचं कारण नाही.”

मिस्त्रीने पाना घेऊन आरसा बसवला, वहिनींना पुढच्या सीटवर बसवून दोनदा तिरका-सरळ केला. त्यांनी मान हलवल्यावर नट आवळला. वहिनींकडे पाचशेची नोट होती, त्याच्याकडे सुटे नव्हते.

आरशाचे एकशे चाळीस रुपये मिस्त्रीला द्यायचे राहिले आहेत.