आमच्या हॉलमधले पाच स्वयंसेवक

भांडी एक वेळ घासून संपतात, पण रविवारचे किस्से काही संपत नाहीत. एक सांगून होईस्तोवर दुसरा रविवार दारात उभा!

आमचे भावजी, म्हणजे धाकटे दीर नीलेश, आणि त्यांचे चार मित्र एका प्रोग्रॅमिंग भाषेची सेवा करतात. कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. ती फुकट आहे, म्हणून जगभरचे हौशी लोक तिला सांभाळतात म्हणे. बजाजनगरात तिला आमच्या हॉलनं सांभाळलंय. दर रविवारी पाच लॅपटॉप, पाच चार्जर, आणि त्या वायरींमध्ये रांगणारी माझी परी. सेवा त्यांची, जीव माझा टांगणीला!

*

पहिल्याच बैठकीत ठरलं, भाषेची पुस्तिका मराठीत करायची. भावजी म्हणाले, "कोण काय करणार?"

"मी तपासतो," त्या मित्रांतले इम्रानभाई म्हणाले.

"मी पण तपासतो."

"मी शेवटचं तपासतो."

असं करत पाचही जणांनी तपासायचंच काम घेतलं. महिनाभर लई कडक तपासणी चालली. एकही चूक सापडली नाही!

चहा देता देता मी विचारलं, "लिहिलंय कुणी?"

पाचही जणांनी एकदम कप तोंडाला लावले.

*

मग कसंबसं लिहिलं. भावजी कागद घेऊन थेट ओट्यापाशी आले.

"वहिनी, जरा वाचून करून बघा. तुम्ही सातवी शिकलेल्या. तुम्हाला समजलं म्हणजे कुणालाही समजंल!"

एवढा मान मला माहेरीसुद्धा मिळाला नव्हता.

पहिलंच वाक्य होतं, 'प्रथमतः आज्ञावली-परिवेश प्रस्थापित करावा.'

मी म्हटलं, "हे कुणासाठी लिहिलंय?"

"नव्यानं शिकणाऱ्यासाठी."

"मग त्याला आधी मराठी कोण शिकवणार?"

*

पुस्तिका झाली, पण शिकायला कुणी येईना. शेवटी शेजारच्या नसीमआपांकडं मीच शब्द टाकला. त्यांची सना बारावी झालेली, हुशार पोरगी.

आपा म्हणाल्या, "सिलाई का क्लास छुडाके भेज रही हूँ, भाभी. उसको कुछ नहीं आया तो तुमकोच पूछूँगी!"

झालं! क्लास भावजींचा, आणि पोरीचं वर्ष माझ्या गळ्यात. त्या आठवड्यात मी दोनदा दूध उतू घालवलं.

*

सना आली. ग्रुपनं तिला एक जुना लॅपटॉप दिला, घरी न्यायलासुद्धा. तेवढं एक काम खरंच चांगलं केलं, उगीच नावं ठेवू नयेत.

पुस्तिकेतल्या चौथ्या पायरीला ती अडकली. "सर, हे लाल अक्षरांत काय आलं?"

पाचही जण एकदम धावले. एकानं सांगितलं ते दुसऱ्याला पटेना. इम्रानभाई ओरडले, "अरे यार, नये बच्चों को ऐसा सिखाते क्या?" मग नव्या लोकांना कसं शिकवावं यावर जी चर्चा पेटली, ती तासभर! नवं माणूस मधोमध गप बसलेलं.

मी वाकून पुस्तिका बघितली. फाईल आधी सेव्ह करायची, हे तिथं लिहिलंच नव्हतं. करून बघताना मीही तिथंच अडकले होते आणि भावजींना सांगितलंही होतं. पण माझी सूचना अजून पाचजणांकडं तपासणीला होती!

मी हळूच सनाला सांगितलं. तिनं फाईल सेव्ह केली, परत चालवली, आणि स्क्रीनवर 'नमस्कार' उमटलं. तिनं माझ्याकडं बघून दात काढले. बाकी कुणी बघितलं नाही. चर्चा रंगात आली होती.

*

पुढच्या रविवारी सना आलीच नाही. दहा वाजले, साडेदहा झाले. फोन उचलंना. आता आपांना काय तोंड दाखवू? परीला कडेवर मारलं आणि त्यांच्या घरी गेले.

आत सना, तिच्या शिलाईच्या क्लासमधल्या दोघी मैत्रिणी आणि मधे तो लॅपटॉप. त्याच्यासमोर चष्मा लावून खुद्द नसीमआपा, एका बोटानं अक्षरं शोधतायत.

"आपा, अहो..."

"चुप बैठो, भाभी. मेरा नंबर है!"

तेवढ्यात भावजींचा फोन. "वहिनी, सना येतेय ना? आम्ही पाचजण शिकवायला खोळंबलोत."

मी सनाला विचारलं, "काय सांगू गं?"

ती मान वर न करता म्हणाली, "एकालाच पाठवा म्हणावं, ताई. ज्याला गप बसता येतं, त्याला."

मी फोनवर तसंच सांगितलं.

दुपारचे दोन वाजले. कुणीच आलं नाही!