स्कार्फवरच्या बाईचं कुंकू

मैत्रिणींनो, आज दुपारचीच गोष्ट.

मी बी.ए. झाले म्हणून आपल्या चित्रकार शालूने स्वतः काढलेलं चित्र छापलेला रेशमी स्कार्फ मला कर्जतला पाठवला. चित्रात मोळी घेतलेली, भिवपुरीच्या वाटेवरची बाई. तो गळ्यात बांधून आईला दाखवला.

"हिचं कपाळ मोकळं कशाला गं?"

"चित्र हाय ते, आई!"

स्कार्फ पाटावर ठेवून मी पाणी प्यायला गेले. परतले तर आईने माझ्या करंड्यातलं कुंकू त्या बाईला लावलेलं! रेशमावरचा डाग जायचा नाही. मी ओरडणारच होते.

पण बाबा गेल्यापासून आईने कुंकवाला हात लावला नव्हता.

"आता कशी भरल्यावानी दिसते!" ती म्हणाली. खरंच, सगळं चित्र उजळलं होतं. मी बघतच राहिले.

आईचं बोट अजून लाल होतं. 'तूही लाव' हे माझ्या ओठांवरच राहिलं. तुम्ही म्हणाला असता का?