टीव्ही नक्की कोण बघणार?

उत्तरेश्वरला मी पहिल्यांदा घरी बोलावलं ते दोन हजार आठच्या मे महिन्यात, आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्याला वाटेला लावावं असं मला वाटलं. माणसं पारखण्यातली माझी अक्कल ही एवढीच.

डिश हवी होती आमच्या हिच्यासाठी. सरोजिनीने एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. डिसेंबरात तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांना सगळं समजतंय, असं डॉक्टर म्हणाले. पण ती दिवसभर भिंतीकडे बघत पडून राहायची. भरवलं तर जेवायची, आपणहून काही मागायची नाही. ही अशीच हळूहळू आपल्याला सोडून आत निघून जाणार, अशी मला धास्ती बसली होती. निदान टीव्ही लावावा म्हटलं, तर केबलवर चित्रापेक्षा मुंग्याच जास्त.

आमचा मुलगा सौमित्र खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला साधी सुरी घ्यायची असली तरी तो आधी कॉम्प्युटरवर तक्ता करतो. डिशचाही केला. कुठल्या कंपनीचे किती चॅनेल, तबकडी केवढी, महिन्याला किती भरायचे. त्याचं मत दोनशे चॅनेलच्या पॅकेजला. माझं मत फुकटच्या डिशला, म्हणजे एकदा बसवली की महिन्याची कटकट नाही. तीन रविवार आम्ही बापलेक तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून वाद घातला. तक्त्यात सात रकाने होते. बघणाऱ्याचा एकही नव्हता, आणि हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

उत्तरेश्वर मूळचा कळंबकडचा. भोसरीच्या एका कारखान्यात लागला, तो बंद पडल्यावर एका केबलवाल्याच्या हाताखाली शिड्या चढला, आणि पुढे विश्रांतवाडीत त्याने स्वतःचा गाळा घेतला. अर्ध्या गाळ्यात डिश, अर्ध्यात त्याच्या बायकोचं, द्वारकाचं, शिलाई मशीन. आळंदी रस्त्याकडच्या कामगारांच्या खोल्यांवर दिसणाऱ्या बहुतेक तबकड्या त्याच्याच हातच्या. महागाची डिश मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो स्वस्तातली देऊन पाठवतो, असं ऐकलं होतं. यात त्याचा काहीतरी डाव असणार, हे मी ताबडतोब ओळखलं होतं.

तो आला, चपला बाहेर काढल्या, पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, “टीव्ही नक्की कोण बघणार हाय?”

मी पलंगाकडे बोट केलं. तो सरळ तिच्या उशाशी जाऊन फरशीवर बसला.

“बाई, काय बघायला आवडतं तुमाला?”

मी म्हणालो, अहो, तिला बोलता येत नाही, मी सांगतो. सौमित्रने तक्त्याचा कागद पुढे केला. उत्तरेश्वरने कागद घेतला, घडी करून मांडीखाली ठेवला आणि मला हाताने थांबा अशी खूण केली. माझ्याच घरात मला! मग एकेक नाव घेऊन तो थांबायला लागला. बातम्या? थांबला. मी घड्याळ बघत होतो, मिनिट उलटलं. तिचा डावा हात चादरीवरून वर आला. जुनी गाणी? पुन्हा तसाच थांबला. हात पुन्हा वर आला. मालिका? हात हलला नाही, कपाळाला मात्र आठी पडली. ती आठी मी पाच महिन्यांनी बघत होतो.

“मंग फुकटची दोन फुटी डिश पुरती,” तो म्हणाला. सौमित्रचे दोनशे चॅनेल तिथेच निकालात निघाले.

उपग्रह आग्नेयेला, म्हणून आता डिश त्या दिशेला तोंड करून बसवायची होती. मी त्याला पुढच्या गॅलरीत नेलं. या घरात बावीस वर्षं राहतोय, सकाळी चहा पिताना ऊन थेट तोंडावर येतं, हीच आग्नेय, असं बजावून सांगितलं. तो परत आत आला, पुन्हा फरशीवर बसला.

“काका म्हनत्यात आग्नेय गॅलरीकडं हाय. खरं का, बाई?”

तिने माझ्याकडे बघितलं. शाळेत नकाशा उलटा धरणाऱ्या पोराकडे बघत असेल, तसं बघितलं. मान डावीउजवीकडे हलवली, आणि डावा हात उचलून सावकाश स्वयंपाकघराकडे बोट केलं. मी तिकडे बघेपर्यंत तो खाली आला नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या बिल्डरने वास्तुशास्त्र पाळून ओटा आग्नेयेला काढला होता, आणि मी त्याला बावीस वर्षं त्यावरून हसत आलो होतो. मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो, म्हणजे माझी गॅलरी ईशान्येला. हे सगळं ती मला पूर्वी सांगून चुकली असणार. मी ऐकलं नसणार.

स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीच्या ग्रिलला लोखंडी पट्टी बाहेर काढून त्याने डिश बसवली. बातम्या लागल्या, काचेसारख्या स्वच्छ. रिमोट त्याने माझ्या पसरलेल्या हाताला वळसा घालून तिच्या डाव्या हातात दिला, आणि तिने स्वतः आवाज वाढवेपर्यंत तो घरातून हलला नाही.

त्याने पिशवी उचलली तेव्हा पिशवीच्या बंदाला बांधलेलं छोटं होकायंत्र मला दिसलं.

“हे जवळ होतं, तर विचारलंत कशाला?” मी म्हणालो.

“काका, मला दिशा ठावंच व्हती,” तो म्हणाला. “पन डिश बाईंची हाय.”

तो जिना उतरून गेला तरी मी दारातच उभा होतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या माणसाबद्दल इतका आदर वाटला की तो सांगायला मी नंतर दोनदा त्याच्या गाळ्यावर गेलो आणि दोन्ही वेळा नुसता चहा पिऊन परत आलो. तो सगळ्यांकडे असंच करतो, हे मला द्वारकाने सांगितलं. जो बघणार, त्याला विचारल्याशिवाय तो पिशवी उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधी चिरायला घेतला. पाच महिने तिला दुधीच भरवत होतो, हलका म्हणून. विळी बाजूला सारली आणि तिच्या उशाशी फरशीवर जाऊन बसलो.

“दुधी करू?” मी विचारलं, आणि थांबलो.

तिच्या कपाळाला आठी पडली.

मग मी एकेक भाजीचं नाव घ्यायला लागलो.