गव्हाणीतला वाईस

"काढ! काढ म्हणतो ना तो भंगार माह्या कोठ्यातून! नाई तं मी नेऊन तळ्यात फेकतो, मासोळ्या करतीन वेल्डिंग!"

हे माझे बाबा. अंगणाच्या मधोमध उभे, एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हाताचं बोट थेट माझ्या नाकाकडे. आवाज म्हणाल तर तरुणपणी ते बांधावरून बैलाला हाक मारायचे तेव्हा वैनगंगेच्या पल्याडचे बैलही माना वळवायचे म्हणे. म्हणे म्हणजे तेच म्हणतात. मी कोठ्याच्या, म्हणजे आमच्या गोठ्याच्या, दारात आडवा उभा होतो आणि हातातला ग्राइंडर चालूच ठेवला होता. आमच्या बाबांशी बोलायचं तर जोडीला काहीतरी गरजणारं लागतंच.

"नाई काढत," मी म्हणालो.

"काय म्हणला बे?"

मी ग्राइंडर बंद केला. "म्हटलं, नाई काढत."

पोळा आठवड्यावर आला होता. घरात ट्रॅक्टर आला तेव्हा आमची शेवटची जोडी गेली, कोठा रिकामा झाला, आणि तेव्हापासून पोळ्याच्या तोरणाखाली आमच्या घरची जोडी उभी राहिली नव्हती. बाबा तरी दरवर्षी जायचे. डोक्याला फेटा बांधून, दुसऱ्यांच्या बैलांशेजारी उभे राहायचे, लग्नात चुकून दुसऱ्याच्या वरातीत शिरलेल्या पाहुण्यासारखे. यंदा मात्र त्यांनी कुणाला न विचारता सानगडीच्या एका सोयऱ्याकडून जोडी घेतली होती. ती पोळ्याच्या आदल्या दिवशी येणार होती. आणि तिला कोठा हवा होता.

त्या कोठ्यात आता मी होतो.

तो कोठा मी कसा उभा केला ते ऐका, मग कोणाची बाजू घ्यायची ते ठरवा. आधी जमीन खरवडली. शेणाचे इतके थर निघाले की तळाशी पोचलो तेव्हा पणजोबांच्या बैलांची ओळख पटली. भिंतींना चुना दिला. ज्या खुंट्यांवर कासरे आणि मुसक्या टांगलेल्या असायच्या, तिथं लहानापासून मोठ्यापर्यंत नट-बोल्टचे पाने टांगले, असे रांगेत की शाळेतल्या मास्तरांनी पोरांना आणून दाखवावेत. घुंगरमाळ मात्र जिथं होती तिथंच राहू दिली. ड्रिल मशीन अशी दमदार की बटण दाबलं की तिकडे बपेऱ्यात दिवे मिणमिणायचे आणि लोक वीजवाल्यांना शिव्या घालायचे. गावातला फवारणीचा पंप असो, ढिवराच्या सायकलीवर मासोळीची टोपली बसवायची फ्रेम असो, सगळं माझ्याकडे. देवळाच्या घंटेचा लोळासुद्धा मीच घडवला. तेव्हापासून देव लवकर उठतो, पुजारी उशिरा.

बाबा मात्र माझी हत्यारं आत आली त्या दिवसापासून कोठ्यात पाऊल टाकत नव्हते. उंबऱ्याबाहेरून बोलायचे. आणि बोलायचं तर "भंगार" म्हणायचे.

"बैलासाठी पाइपाचा मांडव घालून देतो ना जी, निंबाखाली," मी म्हणालो. "वरून पत्रा. राजासारखे राहतीन."

"लोखंडाच्या पिंजऱ्यात बैल? सर्कस हाये का बे? कोठा बैलाचा हाये. खाली कर."

आता मी धान लावतो, चिखलात उतरतो, बांध घालतो. घरच्या शेतीला कमी पडलो असं कुणी म्हणावं, मी त्याला वेल्डिंग करून गप्प करीन. पण उरलेल्या वेळात माझ्या हाताने कानस धरली तर घर बाटतं, हे मला मान्य नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. म्हणून त्याच दिवशी मी सिमेंटचं पोतं आणलं आणि माझा वाईस थेट गव्हाणीत बसवला. वाईस म्हणजे लोखंडाला जबड्यात धरून ठेवणारं लोखंड. माझा तर एका बंद पडलेल्या राइस मिलमधला, असा जड की आणताना गाडीची पुढची चाकं टेकत नव्हती. तोवर लाकडी टेबलावर डुगडुगत होता. गव्हाण कमरेइतकी उंच, दगडांची, कोठ्यातली सगळ्यात भक्कम जागा. चार बोल्ट, वर सिमेंट.

बायको भांडी घासता घासता पाहत होती. "गव्हाणीत? मामाजी आता तुमालेच दावणीले बांधतीन."

दुसऱ्या दिवशी बाबांनी उंबऱ्यावरून मान आत घातली. आणि खुंटीवरची घुंगरमाळ वाजावी असा आवाज काढला.  

"गव्हाणीत लोखंड! खाणार कोण ते? तू?"

आणि इथं माझी जीभ माझ्या पुढं धावली. "आता काई होत नाई बाबा. बैलाची जोडी जुंपा, हालणार नाई तो वाईस!"

बाबांचे डोळे बारीक झाले. "जुंपतो."

"जुंपा!"

"उपटला तं कोठा माहा. नाई उपटला तं तुहा. पुन्हा शब्द नाई काढणार. मंजूर?"

कुंपणापलीकडे शेजारचे काका दात घासत उभे होते. त्यांनी तोंडातला फेस थुंकून "मंजूर!" म्हटलं, म्हणजे गावालाच मंजूर झालं.

मग मी वाईसमध्ये एक पाइप धरून जोरात पिळला, आणि लगेच सोडला. वाईस पक्का होता, सिमेंट पक्कं होतं. पण खालची गव्हाण आजोबांच्या काळची, दगड आणि माती. ती करकरली. वाईस काही गव्हाण सोडणार नव्हता. गव्हाणच वाईस घेऊन अंगणात येणार होती. तिला पाडून नवी बांधायची तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बांधावी लागली असती.

तेव्हा मी काय केलं ते तुम्हाला सांगतो, तुम्ही काही आमच्या बाबांना सांगायला जाणार नाही. अड्याळच्या बाजारातून सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आणली. बैलाला ढेप म्हणजे आपल्याला लग्नातली बुंदी. जोडी यायच्या दिवशी सकाळीच ती रंगाच्या डब्यात भिजवली, गूळ कालवला, गव्हाणीत वाईसच्या दोन्ही बाजूंना पसरली आणि वर ओलं पोतं झाकलं.

बायकोनं नेमकं पाहिलं. "लोक मशीनले तेल देतेत. तुमी ढेप देऊन राहिले?"

"आज खांदशेकणी हाये ना," मी म्हणालो. "त्यालेबी खाऊ दे."

खांदशेकणी म्हणजे पोळ्याची आदली संध्याकाळ. बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं.

दुपारी पिकअप आला. बैल पांढरेशुभ्र, वशिंड असे की चढून पाहिलं तर नागपूर दिसावं. आणि सकाळपासून गाडीत, म्हणजे भुकेले. अर्धं गाव मोबाइल काढून हजर. बाबांनी जू चढवलं, दोर आत नेऊन वाईसला बांधायला मला सांगितलं, स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबले. मी इमानदारीनं गाठ मारली आणि पोत्याजवळच थांबलो. काकांनी टोकाला लोखंडी आर लावलेली तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, बाबांच्या हातात दिली.

"बाबा," मी आतून ओरडलो, "खांदशेकणीच्या दिवशी बैलाले आर टोचता?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "पोरगा खरं बोलून राहिला जी."

बाबांनी तुतारी फेकली. "खांदे शेकाच्या आधी एक खेच, त्यात पाप नाई. आन् तुतारी लागते कोणाले? माहा आवाज हाये ना!"

आणि हाक दिली. बैल निघाले. दोर ताणला. गव्हाणीतून माती सुटली, एक दगड कट्कन बोलला. माझा कोठा माझ्या डोळ्यांसमोर चालू लागला. मी घाम पुसल्यासारखं केलं आणि पोतं ओढलं.

वास सुटला. उजव्या बैलाची नाकपुडी फुगली. त्यानं मान वळवली, जू वळलं, जू वळलं तसा डावाही वळला, आणि दोघे उंबरा ओलांडून असे आत शिरले की मी भिंतीला चिकटलो. एकानं वाईसच्या या बाजूला तोंड घातलं, दुसऱ्यानं त्या बाजूला. दोर जमिनीवर लोळू लागला.

बाबांनी दुसरी हाक दिली. बैलांनी शेपट्या हलवल्या. तिसऱ्या हाकेला छपरावरची कवेलू सरकली, कोंबड्या कुंपणाबाहेर गेल्या, कुणाचा तरी मोबाइल हातातून पडला. बैल चाटत राहिले.

"भाऊ," काका बाबांना म्हणाले, "बैल तं वाईसच्या पाया पडून राहिले!"

लोक हसून हसून बेजार झाले. बाबांनी चपला काढल्या आणि कोठ्यात आले. तो माझा झाल्यापासून पहिल्यांदा. जू उतरवलं. बायकोनं वाटीत हळद-तूप आणून दिलं. माझ्या पान्यांच्या रांगेखाली, ड्रिल मशीनच्या शेजारी उभे राहून त्यांनी दोन्ही बैलांचे खांदे शेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हळू आवाजातही त्यांना बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. मग खुंटीवरची घुंगरमाळ काढून त्यांनी खांद्यावर टाकली.

जिंकलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही. मला तर हरूनही येत नाही.

"पाह्यलं ना बाबा?" मी वाईसवर थाप मारली. "इंचभर हालला नाई! ना आज, ना उद्या! आता बोला!"

बाबांनी माझ्या चिंध्यांच्या डब्यातली एक चिंधी घेतली, हाताचं तूप पुसलं आणि बैलांचे कासरे धरून निंबाकडे वळले.

"गव्हाणीमागं ढेप सांडली हाये," ते म्हणाले. "झाडून घे. नाई तं तुह्या मशीनले मुंग्या लागतीन."