"मुलगी ऑफिसातच बसते ना?"

चूक माझी होती, आणि ती मी थंड डोक्याने केली. मुलीसाठी स्थळं बघत होतो. एका मुलाच्या आईने फोनवर विचारलं, "मुलगी ऑफिसातच बसते ना?" मी म्हणालो, "हो हो, ऑफिसातच."

खरं तर ती द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात सर्व्हेअर होती. आलेला कंटेनर आतून-बाहेरून तपासायचा, कुठे पत्रा दबलाय, कुठे भोक पडलंय ते नोंदवून सही करायची. डोक्यावर हेल्मेट, पायात जड बूट. ड्रायव्हर म्हणायचे, "मॅडम, जल्दी करो." ही म्हणायची, "पहले नीचे उतरो." जेवताना तीच हे रंगवून सांगायची. मीही हसायचो.

पण मुलाच्या आईला दिलेलं उत्तर खोटं ठरू नये म्हणून मी मुलीच्या साहेबाला फोन केला. न्हावा शेव्याच्या बंदरात क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याच्या कामात माझं आयुष्य गेलं. तो तिथलाच जुना दोस्त. "पोरीला जरा आत बसव रे, स्थळं बघतोय." तो म्हणाला, "एवढंच ना? झालं समज." आमच्याकडे कामं अशीच होतात. अडकलेला कंटेनर ओळखीने सोडवावा, तसं मी मुलीला हलवलं.

लगेचच तिला कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. ज्या मुलाला तिने काम शिकवलं, त्याच्याकडे यार्ड गेलं. ती घरी येऊन मलाच विचारायची, "बाबा, माझं काय चुकलं असेल? माझा एकही रिपोर्ट कधी परत आला नाही." मी पोळी मोडत म्हणायचो, "बरंच झालं की. एसीत बसशील."

शेवटी ती साहेबाशी भांडली. तो म्हणाला, "घरी विचार. स्थळं बघतायत ना तुला."

त्या संध्याकाळी ती बूट न काढताच आत आली. "मी लग्नाला नाही म्हटलंय का? स्वयंपाक येत नाही मला? आईच्या ऑपरेशनच्या वेळी ड्युटी करून घर कोणी सांभाळलं? अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"लोक विचारतात गं..."

"मग सांगायचं, यार्डात असते! चोरी करते का मी तिथे?"

बायको स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "माझी महाप्याच्या कंपनीतली नोकरी सोडायचं ठरलं, तेव्हा तरी मला कुठे विचारलं होतं यांनी? माझ्या दादाला विचारलं."

मी ते साफ विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी दोस्ताकडे गेलो, तिला पुन्हा यार्ड दे म्हणालो. तो वैतागला. "आता त्या पोराला काय सांगू? मागच्या वेळी तूच बोललास ना? घरातलं घरात मिटव यार." मला त्याचा संताप आला, आणि त्याच्यावर संतापायची सोयही मी ठेवली नव्हती. बाहेर येऊन मुलाच्या आईला फोन केला, खरं ते सांगितलं. "बरं, कळवू," त्या म्हणाल्या.

घरी आलो तेव्हा मुलगी लॅपटॉपवर दुसरीकडच्या नोकऱ्या बघत होती. तिने मान वर केली नाही. मी उभाच राहिलो.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुझं काम तुला न विचारता मी काढून घेतलं, आणि तू रोज विचारत होतीस तेव्हा तोंड मिटून बसलो. ते परत मिळवायला गेलो होतो, जमलं नाही. मला माफ कर."