भाऊंचं नाव सांगून

घाटंजीच्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी टायपिस्ट आहे. आमच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. नोकरीला लागलो तेव्हा वाटलं होतं, शाळांची पत्रं टाइप करावी लागतील. पण निम्मी पत्रं एकाच विषयावरची निघाली: 'माझ्या नावाचा परस्पर वापर झाल्याबाबत.' मोठ्या माणसाचं नाव गावच्या हापशीसारखं असतं, ज्याला तहान लागली तो दांडा मारतो. टपरीवर बसलो की मित्र विचारतात, "गजानन, नवीन काय?" नवीन नेहमीच असतं.

*

एक जण भाऊंचा भाचा म्हणून वणीकडच्या एका विश्रामगृहात राहिला. रोज कोंबडी खाल्ली आणि निघून गेला. तिथल्या खानसाम्याचं पत्र आलं. भाऊ म्हणाले, "लिह. मले बहीणच नाही, तं भाचा कुठून येईन?"

उत्तर आलं, "आपले पत्र मिळाले. ते गृहस्थ पुन्हा आले आहेत. आता पुतण्या म्हणतात."

भाऊंना भाऊ आहेत, पुतणेही पुष्कळ. ते पत्र तिथंच थांबलं.

*

मग भाऊंनी सगळ्या शाळांना सर्क्युलर काढलं: कोणी माझं नाव सांगून आल्यास दखल घेऊ नये.

त्याच महिन्यात राळेगावच्या आमच्या शाळेतला शिपाई वारला. त्याची बायको शांताबाई भाऊंना भेटायला आली. वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा रिकामी होती. भाऊ म्हणाले, "जा बाई, हेडमास्तरले माह्यं नाव सांग."

तिनं सांगितलं. हेडमास्तरांनी तिला सर्क्युलर वाचून दाखवलं.

ती परत आली तेव्हा भाऊंनी फोन लावला. तोवर त्या जागेवर हेडमास्तरांची मेहुणी लागली होती. हेडमास्तर म्हणाले, "भाऊ, जी लागली तिनं तुमचं नाव घेतलंच नाही."

*

एकानं तर भाऊंच्या नावाचं लेटरपॅडच छापलं आणि खोट्या सह्या करून लोकांची कामं करून दिली. भाऊंनी पोलिसांत पत्र दिलं, ऑफिसबाहेर नोटीस लावली: या इसमाशी आमचा संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेला एक म्हातारा नोटीस वाचून आत आला. मला म्हणाला, "हा माणूस कुठं भेटते बापू? भाऊंच्या खऱ्या सहीपायी माह्या पोरीचं काम वर्षभरापासून अडून हाय."

*

एकदा एका मास्तरचं आभाराचं पत्र आलं. 'आपल्या एका शब्दाने माझी बदली झाली.' भाऊंनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. ते सांगू लागले, "लिह, मी काहीही केलेले नाही."

मी टाइप करत होतो. भाऊ खिडकीतून बाहेर पाहत होते. मग म्हणाले, "राहू दे. निवडणूक हाय. लिह, आभारी आहे."

*

गेल्या उन्हाळ्यात सलीमभाई आले. मोटारसायकलीचे मेकॅनिक. शाळेच्या भिंतीलगत त्यांच्या वडिलांपासूनचं गॅरेज. चेहऱ्यावर धूळ तशीच होती.

"भाऊ, सकाळी जेसीबी आणला. शेड पाडलं. पाना-पेचकसबी काढू देल्ले नाही. म्हणे, अध्यक्षांचा हुकूम हाय."

भाऊ ताडकन उठले. "म्या असा हुकूम देल्लाच नाही! गजानन, ठाणेदाराले पत्र लिह. माझे नाव वापरून हे कृत्य करणाऱ्यावर कडक कारवाई करावी." मग सलीमभाईंकडे वळले. "कोण होता तो?"

सलीमभाईंनी दाराकडं पाहिलं.

"सांग ना. भेतं काहून?"

"तुमचा धाकटा पोरगा, भाऊ. प्रशांत. जेसीबीवर उभा होता."

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. भाऊ खुर्चीत बसले. मग त्यांनी मजकूर सांगितला, शब्द न शब्द सावकाश:

"लिह. कोणा अज्ञात इसमाने..."

सलीमभाईंनी वर पाहिलं. "भाऊ, नाव सांगतलं ना मी."

भाऊंनी पूर्ण पत्र सांगितलं. मी प्रिंट काढली. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत सलीमभाईंच्या हातात दिली. सलीमभाईंनी ती वाचली, नीट घडी केली आणि उठून गेले.

दार लागल्यावर भाऊ मला म्हणाले, "त्याले चहा पाजला का रे?"