रुमालाखालचा भाव

शेठने आमच्या गाडीतून कापसाचा पुंजका उपटला, पानाने लाल झालेले ओठ त्याने पुसले आणि तो अब्बांच्या पायाशी टाकला.

"हा माल हाय का तुया, मियाँ?"

भोवतीचे हसले. अब्बाही हसले. त्यांचं ते हसणं मला आजही सहन होत नाही.

त्या कापसात पाचोळ्याचा कण नव्हता. अम्मीने आणि माझ्या बहिणींनी तो दव वाळल्यावर वेचला होता, बोंडाबोंडाला हात लावून. शेठला ते दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच त्याने त्याला तोंड पुसलं.

मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो. आमच्या देऊळघाटहून आदल्या दिवशी निघून, घाट उतरून आम्ही त्या बाजारात आलो होतो. बाजाराची रीत मी प्रथमच जवळून पाहत होतो. भाव तोंडाने बोलायचा नाही. अडत्याने, म्हणजे आमच्या बाजूचा म्हणवणाऱ्या दलालाने, शेठचा हात हातात घ्यायचा. वर रुमाल टाकायचा. आत बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल, त्याने रुमालाकडे पाहत उभं राहायचं. किती ठरलं, ते वजन झाल्यावर कळायचं.

आणखी एक रीत होती. एका शेठने गाडीला हात लावला की दुसरा शेठ त्या गाडीजवळ फिरकत नसे. हाक मारली तर तो आभाळ न्याहाळू लागे. याला ते बाजाराची अब्रू म्हणत.

कसली अब्रू! सारे एकाच ताटात जेवत होते. सरकी काढायच्या गिरण्या त्यांच्याच. त्यांतल्या निम्म्या त्यांनी ठरवून बंद ठेवलेल्या. बंद गिरणीच्या मालकाला चालू गिरणीतून वाटा मिळे. काहीही न करण्याचा वाटा. आणि रात्रभर गाडी हाकून डोळा लागलेल्या शेतकऱ्याला हीच माणसं आळशी म्हणत.

अडत्याने रुमाल टाकला. मी विचारलं, "किती?"

"तुले काय करायचं बे? बाप उभा हाय ना."

मी रुमाल ओढला.

खाली अडत्याची तीन बोटं शेठच्या मुठीत होती. न्हाणीत कोणी शिरावं तसे दोघे दचकले. हात झटकन सुटले. एवढे मोठे लोक, आणि स्वतःच्या बोटांची लाज!

"पोरगं शिकलं म्हणते," शेठ म्हणाला. "मले तर मॅट्रिक दिसत नाही, नुसती मस्ती दिसते. हे गाडी आता या बाजारात सुटत नाही."

सुटली नाही. दुपार कलली तरी कोणी आलं नाही. शेवटी अब्बांनी डोक्यावरचा साफा काढून शेठपुढे धरला.

"लेकरू हाय, शेठजी. माफी द्या."

"तुयी काऊन? त्याची पाह्यजे. माह्या जोड्याले हात लावून."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही."

 अब्बांनी साफा पुन्हा डोक्यावर बांधला. सावकाश, एकेक पेच नीट बसवून. "बैल जुंप," म्हणाले.

बाजाराच्या फाटकाशी वजनाचे काटे तपासायला आलेला सरकारी साहेब बसला होता. अब्बा त्याच्यापुढे उभे राहिले.

"काट्यात खोट आहे?" साहेबाने विचारलं.

"नाही, साहेब. भाव रुमालाखाली ठरते. अन् एक जण हात लावते, बाकीचे येतच नाहीत."

"कायदा काट्याचा आहे. भाव हा व्यापाऱ्यांचा आपसातला प्रश्न. बाजार कमिटीकडे जा."

कमिटीचा अध्यक्ष साहेबाच्या शेजारीच चहा ओतत होता. तोच शेठ.

पुढे मी तो कायदा मिळवून वाचला. वजनं कशी असावीत, पावती कशी द्यावी, सगळं आहे. घेणारे सगळे एक झाले तर काय करायचं, यावर एक ओळ नाही. लिहिणाऱ्याला वाटलं असावं, काटा खरा असला की बाजार खरा. एवढा भोळा माणूस नागपुरात सरकारी नोकरीला राहतो कसा? चोरी काट्यावर गाडी येण्याआधीच झालेली असते. खरा काटा ती फक्त बरोबर तोलतो.

अब्बा त्या बाजारात परत कधी गेले नाहीत. गावात येणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्याला माल देत. तोही शेठचाच माणूस निघाला.

या हंगामाच्या तोंडावर अब्बा गेले. चाळिसाव्या दिवसाचा फातेहा झाला नाही तोच तो अडत्या दुखवट्याला आला. आता म्हातारा झाला आहे.

"लई भला माणूस होता," म्हणाला. "कधी उलटून बोलला नाही."

मी चहा सांगितला. मग त्याने खरं काम काढलं. कायदा बदलायचा म्हणून नवा साहेब चौकशीला येणार आहे. "तुमी शिकेल हा. कमिटीवर एक खुर्ची तुमाले देऊन राह्यलो. साहेबाले सांगजा, सारं ठीक हाय म्हणून."

"खुर्ची नको," मी म्हणालो. "शेठले सांगा, उठा."

"मंजे?"

"ज्याले कापूस घ्यायचा हाय, त्यानं कमिटीवर बसायचं नाही. एकानंबी नाही."

तो हसला. "मंग बाजार कोण चालवन? तू?"

"भाव मोठ्यानं बोला. चालते आपोआप."

चहा न पिताच तो उठला.

अब्बांविषयी मला काही लिहायचं होतं. बरेच दिवस कागद कोरा राहिला. आज हे लिहून झालं आहे आणि हेच मी साहेबापुढे उभं राहून सांगणार आहे. घाटावरच्या गावांतून फिरून आलो आहे. पुष्कळांनी साथ देण्याचा शब्द दिला आहे, काहींनी मान फिरवली आहे. साहेबाने पुन्हा काट्याबद्दलच विचारलं, तर यंदा आमची एकही गाडी तो घाट उतरणार नाही. कापूस घरात पडून पिवळा होईल.

होऊ दे.